बायो-सावर्टची बेरीज पायथॉनमध्ये: आठ महिने वापरल्यावर

करंट वाहणाऱ्या तारेमुळे एखाद्या बिंदूवर चुंबकीय क्षेत्र किती, हे बायो-सावर्टच्या नियमाने असे काढतात: तारेचे लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याच्या सदिशाचा त्या तुकड्यापासून आपल्या बिंदूपर्यंतच्या सदिशाशी सदिश गुणाकार करायचा, अंतराच्या घनाने भागायचे, सगळ्यांची बेरीज घेऊन करंटने आणि १०⁻⁷ ने गुणायचे. एककं अँपियर आणि मीटर ठेवली की उत्तर टेस्लात (चुंबकीय क्षेत्राच्या एककात) येते. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत हा प्रोग्रॅम वीसेक ओळींत बसतो. कुठल्याही वेड्यावाकड्या वेटोळ्याला चालतो, आणि लोखंड जवळ नसेल तोवर याहून जड सॉफ्टवेअरची गरज पडली नाही.

पहिली चाचणी सगळे वर्तुळाच्या केंद्रावर घेतात, आणि ती फसवी आहे. तुकड्याचा मध्यबिंदू वर्तुळावर व लांबी कंसाइतकी धरली, तर केंद्रावर चार तुकड्यांतही उत्तर तंतोतंत येते! त्यावरून बाकीच्या बिंदूंबद्दल काहीच कळत नाही. वर्तुळावरचे बिंदू सरळ रेषांनी जोडून जीवेचा मध्य धरला, तर १२ तुकड्यांना केंद्रावरच सुमारे ६ टक्के जास्त उत्तर येते, ३६ ला ०.६ टक्के. जीवेसाठी सरळ तारेचे पूर्ण सूत्र वापरले की हीच चूक २.३५ आणि ०.२५ टक्क्यांवर उतरते. मग उरते ती फक्त वर्तुळाऐवजी बहुभुज घेतल्याची चूक.

तारेजवळ मात्र सांभाळून. बिंदूचे तारेपासूनचे अंतर तुकड्याच्या लांबीच्या दुप्पट तरी हवे, नाहीतर क्षेत्राला लाटा दिसतात, ज्या प्रत्यक्षात नसतात. तारेच्या आत तर हे सूत्र लावूच नये. अंतर शून्याकडे गेले की उत्तर अनंताकडे पळते, खरे क्षेत्र मात्र गोल तारेत मध्याकडे सरळ रेषेत कमी होत शून्य होते.

मेमरीचा त्रास हमखास होतो. १,००० तुकडे आणि १ लाख बिंदू एका दमात घेतले तर तुकड्यापासून बिंदूपर्यंतच्या सदिशांचा एकच अॅरे २.४ जीबी खातो. बिंदू ५-५ हजारांच्या गटात द्यावेत.

पडताळणीसाठी हेल्महोल्ट्झची जोडी (एकाच अक्षावर समोरासमोर ठेवलेली दोन सारखी वेटोळी) उत्तम: त्रिज्या १५ सेंमी, दोन्ही वेटोळ्यांत १०० फेरे, मधले अंतरही १५ सेंमी, करंट १ अँपियर. मध्यावर ०.५९९ मिलिटेस्ला यायला हवे. प्रोग्रॅम ते देतो, मोजमाप सहज देत नाही. एसएस४९ई हा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारी चिप) गॉसला, म्हणजे ०.१ मिलिटेस्लाला, १.४ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे इथे जेमतेम ८.४ मिलिव्होल्ट. ५ व्होल्टवरच्या १० बिटी एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपची) एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची, त्यामुळे सगळे मोजमाप दोन पायऱ्यांतही मावत नाही. एडीएस१११५ ही जास्त बारीक एडीसी लावून ४.०९६ व्होल्टच्या रेंजवर पायरी ०.१२५ मिलिव्होल्ट होते, तेव्हा कुठे आकड्यांना अर्थ येतो.

करंट उलटा करून दोन वाचने घ्यावीत आणि फरकाचा निम्मा धरावा. पृथ्वीचे क्षेत्र (जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला) आणि सेन्सरचा शून्य-दोष दोन्ही एकदम जातात. सप्लाय स्थिर करंटचा हवा: तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो, स्थिर व्होल्टेजवर वेटोळे २५ अंश तापले की क्षेत्र ९ टक्के पडते आणि दोष बिचाऱ्या प्रोग्रॅमला मिळतो. त्रिज्या गुंडाळीच्या मधल्या थराची धरावी, साच्याची नव्हे.

सुट्या प्रभारांसाठी करंट गुणिले लांबीच्या जागी प्रभार गुणिले वेग लिहिला की तोच प्रोग्रॅम चालतो. एकसमान वेग प्रकाशाच्या १० टक्के असला तरी वेगाला लंब दिशेत खरे क्षेत्र ०.५ टक्केच जास्त असते. जोराने वेग किंवा दिशा बदलणाऱ्या प्रभाराला मात्र हा हिशेब अपुरा पडतो. तिथे क्षेत्र प्रभाराच्या आधीच्या जागेवरून आणि त्या वेळच्या त्वरणावरून ठरते, त्यामुळे प्रत्येक बिंदूसाठी तो मागचा क्षण आधी शोधून काढावा लागतो.