जपानी शब्दपत्त्यांचा ‘चोरी’ गट : घ्या, पण पेन हाताशी ठेवा

सांगलीत विश्रामबागच्या एका जपानी वर्गात शब्दपत्त्यांचा संच मिळतो. त्यातला ‘चोरी’ हा गट सगळ्यांत जमलेला आहे, आणि महागात पडतील अशा चुकाही त्यातच आहेत. नोकरीसाठी जपानला निघालेल्यांना हे शब्द परीक्षेपुरते नकोत. पाकीट गेलं तर कोऽबानमध्ये, म्हणजे तिथल्या पोलीस चौकीत, ते तोंडून निघावे लागतात.

शब्द प्रसंगावरून लावलेत, हे उत्तम. गर्दीत पाकीट मारणं ‘सुरि’, पर्स हिसकावून पळणं ‘हित्ताकुरि’, ठेवलेली बॅग उचलून नेणं ‘ओकिबिकि’, दुकानातला माल लांबवणं ‘मान्बिकि’. मिरज स्टेशनच्या एकाच चित्रात सुरि आणि ओकिबिकि दोन्ही दाखवलेत: एकाचा हात प्रवाशाच्या खिशात, दुसऱ्याचा बाकावरच्या बॅगेवर. फरक पुन्हा विसरणार नाही.

घरातल्या चोरीचे तीन पत्ते तर फार जीव लावून केलेत. घरी कुणी नसताना शिरणं ‘आकिसु’, रात्री सगळे झोपलेले असताना ‘शिनोबिकोमि’, आणि माणसं घरातच जेवत किंवा वामकुक्षी घेत असताना ‘इआकि’. जपानी पोलीस हे तिन्ही वेगळे मोजतात. आपण सगळ्याला घरफोडी म्हणून मोकळे होतो.

आता चुका. ‘गोऽतोऽ’च्या पत्त्यावर ‘दरोडा’ छापलंय, ते खोडा. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच जण लागतात. गोऽतोऽ एकटा माणूसही करतो, फक्त मारहाण किंवा धमकी हवी. तिथे ‘जबरी चोरी’ लिहा. साध्या चोरीला, म्हणजे ‘सेत्तोऽ’ला, जपानी दंडसंहितेच्या कलम 235 नुसार 10 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख येनपर्यंत दंड आहे. कलम 236 च्या गोऽतोऽला कमीत कमी 5 वर्षं कैद. इतकं अंतर असलेले शब्द उलटसुलट होऊन चालणार नाहीत.

उच्चार ‘दोरोबो’ (चोर), ‘गोतो’ असे छापलेत. लांबवायच्या ‘ओ’पुढे अवग्रह (ऽ) जोडून घ्या: दोरोबोऽ. आखूड म्हटलं तर समोरच्याला शब्द कळायला वेळ लागतो.

सगळ्यांत मोठी उणीव क्रियापदांची. पत्त्यावर नुसतं ‘नुसुमु’, चोरणे. तक्रारीला कर्मणी रूप लागतं: ‘साइफु ओ नुसुमारेमाशिता’, माझं पाकीट चोरीला गेलं. तिथे ‘नुसुमिमाशिता’ निघालं, तर पाकीट तुम्हीच चोरलंत असं होतं! खिसा कापला गेला तर ‘सुरारेमाशिता’, घरात चोर शिरला तर ‘आकिसु नि हाइरारेमाशिता’. ही तीन वाक्यं पत्त्यांच्या मागे लिहून पाठ करा.

‘पाकुरु’ला ‘ढापणे’ दिलंय, ते अगदी चपखल. वस्तू असो वा दुसऱ्याची कल्पना, दोन्हीला चालतं. पण ‘पाकुरारेरु’चा आणखी एक अर्थ पोलिसांनी उचलणं असा आहे, तेव्हा हा शब्द मित्रमंडळींतच ठेवा. सापडलेली वस्तू गुपचूप खिशात घालणं म्हणजे ‘नेकोबाबा’. तोही तिथे गुन्हाच आहे, पण पत्त्यावर त्याचा उल्लेख नाही.

हरवलं आणि चोरीला गेलं, या दोन्हींचे अर्ज तिथे वेगळे: हरवल्याचा ‘इशित्सु-तोदोके’, चोरीचा ‘तोऽनान-तोदोके’. संचात दोन्ही नाहीत. एका कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहून या गटात घाला.