ताकाच क्वार्टेट, बोल्डर: एकदा तरी समोर बसून ऐकाच

कोलोराडोत राहताय आणि ताकाच क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो असा चौघांचा ग्रुप) ऐकलं नाही असं करू नका खरंच. बोल्डरच्या युनिव्हर्सिटीत ग्रुसिन हॉलमध्ये वाजवतात, हॉल छोटा आहे, मागच्या रांगेतूनही बो (गज) तारेवर फिरतानाचा श्वासासारखा आवाज येतो, माईक वगैरे काही नाही.

१९७५ साली बुडापेस्टच्या लिस्झ्ट अकादमीतल्या चार विद्यार्थ्यांनी हे सुरू केलं, ८० च्या दशकात बोल्डरला आले आणि इथलेच झाले. मूळ चौघांतले आंद्राश फेयेर, चेलोवर (व्हायोलिनसारखंच पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य), पन्नास वर्षं!! पहिलं व्हायोलिन १९९३ पासून एडवर्ड ड्युसिनबेअर. बेथोव्हेनच्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी पण आहे त्यांना.

मी ऐकलं ते हंगेरियन संगीतकार बार्टोकचं चौथं क्वार्टेट, १९२८ चं (अशा चौघांसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात). त्यात एक अख्खा भाग बो बाजूला ठेवून फक्त बोटांनी तारा छेडून वाजवायचा असतो, आणि मधेमधे तार इतकी जोरात ओढतात की ती पट्टीवर आपटून फट्कन वाजते. चौघं एकमेकांच्या डोळ्यात बघून वाजवतात, कंडक्टर नसतो ना, आपल्याकडे गवई आणि तबलजी समेवर येताना बघतात ना तसंच अगदी, मला तर तिथे सवाई गंधर्वची आठवण आली आणि डोळे भरून आले.

पहिल्यांदा जात असाल तर घरी बार्टोक दोनदा ऐकून जा, कानाला आधी खडबडीत लागतं. मुलांनाही न्या, आमची दहा वर्षांची पूर्ण वेळ चेलोकडेच बघत होती.