शहर नियोजनासाठी कोणते माप: पर्यावरणीय पदचिन्ह की उत्सर्जन सूची?

महापालिकेच्या पर्यावरण विभागाकडे एकाच अभ्यासापुरता निधी असेल, तर तो पर्यावरणीय पदचिन्हावर खर्च करावा की हरितगृह वायूंच्या उत्सर्जन सूचीवर, हे ठरवताना दोन्हींतून नेमके काय मोजले जाते ते आधी पाहायला हवे.

विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनेगल यांनी 1990च्या दशकात कॅनडात विकसित केलेले पदचिन्ह नागरिकांच्या उपभोगाचा माग घेते. अन्न, लाकूड, बांधकाम आणि कर्बवायूचे शोषण यांसाठी मिळून किती उत्पादक जमीन व जलक्षेत्र लागते, याचा हिशेब त्यात ‘जागतिक हेक्टर’मध्ये (जागतिक सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरमध्ये) मांडला जातो, मग ती जमीन जगात कुठेही असो. लंडनच्या 2002च्या अभ्यासात हे पदचिन्ह शहराच्या क्षेत्रफळाच्या 293 पट भरले आणि त्यात अन्नाचा वाटा 41 टक्के निघाला. उलट, उत्सर्जन सूची शहराच्या हद्दीत वापरलेले इंधन, वीज आणि तिथला कचरा यांमुळे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन टनांत मोजते. मुंबईच्या 2022च्या वातावरण कृती आराखड्यातील सूचीनुसार 2019चे उत्सर्जन सुमारे 2.34 कोटी टन असून, त्यातील 70 टक्क्यांहून अधिक ऊर्जावापराचे, मुख्यतः विजेचे आहे. लातूरची तूरडाळ मुंबईकर रोज खातात, पण तिच्यासाठी लागलेली जमीन या सूचीत कुठेच येत नाही.

असे असूनही पहिला निधी सूचीलाच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझेलची बस जाऊन विजेवरची बस आली, तर वाचलेले डिझेल आणि वाढलेली युनिटे बिलांवरून पुढच्याच वर्षीच्या सूचीत दाखवता येतात आणि अर्थसंकल्पात त्यानुसार तरतूद करता येते. शहराचे पदचिन्ह मात्र बहुधा राष्ट्रीय हिशेबावरून, घरखर्चाच्या पाहणीच्या आधारे काढले जात असल्याने असा स्थानिक बदल त्यात सहसा उमटत नाही. शिवाय भूजलाचा उपसा किंवा नदीचे प्रदूषण यांविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाही.

सूचीची मोठी उणीव अशी की, एखादा कारखाना हद्दीबाहेर गेला आणि त्याचा माल शहरातच खपत राहिला, तरी आकडा घटतो. ही घट यश म्हणून मांडणे हा त्या बाहेरच्या गावांवर अन्याय आहे, आणि तो उघड करण्याची ताकद पदचिन्हात आहे. म्हणून सूची नियमितपणे करून, दर पाच वर्षांनी पदचिन्हही काढावे आणि दोन्ही आकडे पर्यावरण सद्यःस्थिती अहवालात शेजारीशेजारी छापावेत. स्थानिक घरखर्चाची पाहणी परवडणार नसेल, तर राष्ट्रीय सरासरीला लोकसंख्येने गुणून मिळणाऱ्या पदचिन्हावर पैसा घालू नये.