करसवलत उलगडून सांगणारी सल्लासेवा
आर्थिक वर्ष 2025-26 चे विवरणपत्र भरण्यासाठी ज्या करसल्लागारांची सेवा मी घेतली, त्यांनी आयकर कायद्याच्या कलम 87ए ची सूट आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे प्रथमच स्पष्ट केले. नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला कमाल 60,000 रुपयांची सूट मिळते. ती देय करातून वजा होते, हाती रोख येत नाही. विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला ती लागू नाही, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. परतावा म्हणून बँक खात्यात जमा होतो तो जादा भरलेला कर, आणि त्यासाठी खाते आयकर विभागाच्या पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेले असावे लागते. विवरणपत्राच्या पडताळणीची 30 दिवसांची मुदत मात्र त्यांनी फार उशिरा सांगितली; ती पहिल्याच भेटीत सांगायला हवी होती.