अभ्यास बायबल दहा महिने वापरल्यानंतर: खालच्या टिपांपेक्षा मधला रकाना कामाला आला

दहा महिने झाले. आधी वाटलं होतं महिन्याभरात लिहून टाकीन पण बरं झालं थांबले, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं आणि चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. कुठल्या प्रकाशनाचं आहे ते सांगत नाही, उगाच त्यावरून भांडणं नकोत, आणि मी जे सांगणारे ते थोड्याफार फरकाने कुठल्याही अभ्यास बायबलला लागू होईल. म्हणजे वर मजकूर, मधे संदर्भ वचनांचा बारीक रकाना (या वचनाशी जोडलेली दुसरी वचनं कुठे आहेत ते सांगणारा), खाली रेघ मारून टिपा, प्रत्येक पुस्तकाच्या आधी प्रस्तावना, शेवटी शब्दसूची आणि नकाशे, असं ते जाडजूड प्रकरण.

घ्यायचं कारण साधं. आमच्या छोट्या गटात ज्या ताई बायबल अभ्यास घ्यायच्या त्या दुसरीकडे राहायला गेल्या आणि "तू वाचतेस ना बरंच" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. आणि लोक अभ्यास चालू असताना काही विचारत नाहीत, सगळे मान हलवतात, खरे प्रश्न येतात ते निघताना दारात नाहीतर रात्री अकराला मेसेजवर. तर मला असं पुस्तक हवं होतं की प्रश्न आला, पान उघडलं, उत्तर वाचून दाखवलं, झालं. हीच माझी चूक होती खरं तर, पण ती कळायला चार महिने लागले.

पहिले दोन-तीन महिने मी फक्त खालच्या टिपा वाचत होते. वचन काय म्हणतंय ते अर्धवट बघायचं आणि सरळ रेघेखाली. टिपा छान आहेत, नाही म्हणत नाही. तीन मागी (बाळ येशूला बघायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) असं कुठेच लिहिलेलं नाही, मत्तय २ मध्ये फक्त देणग्या तीन आहेत, माणसं किती ते दिलेलंच नाही. उत्पत्ती ३ मध्ये सफरचंद नाही, नुसतं फळ आहे. पैसा सगळ्या वाइटाचं मूळ असं म्हणतात पण १ तीमथ्य ६:१० मध्ये (म्हणजे सहावा अध्याय, दहावं वचन) पैसा नाही, पैशाचा लोभ आहे. असल्या गोष्टींना टिपा एकदम मस्त, दोन ओळीत काम होतं आणि सांगणाऱ्याला पण जरा हुशार झाल्यासारखं वाटतं.

मग एका मैत्रिणीने नवीन काम सुरू केलं आणि मी तिला ईयोब ८:७ पाठवलं, तुझा आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, या अर्थाचं, शुभेच्छांमध्ये सगळे पाठवतात तसं. पाठवून झाल्यावर सहज अख्खा अध्याय वाचला आणि अंगावर काटा आला. ते वाक्य देवाचं नाही, बिल्ददचं आहे, ईयोबाच्या मित्राचं. आणि त्याच्या तीनच वचनं आधी तो ईयोबाला म्हणतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून त्यांना ते भोगावं लागलं! ज्या माणसाची सगळी मुलं एका दिवसात गेली त्याला. आणि शेवटी ४२:७ मध्ये देव स्वतः म्हणतो की अलीफजवर आणि त्याच्या दोन मित्रांवर (बिल्दद त्यातलाच एक) माझा राग आहे, ते माझ्याविषयी नीट बोलले नाहीत. माझ्या प्रतीत ८:७ खाली याबद्दल एक अक्षर नाही, थेट ४२:७ ला गेल्यावरच कळतं. पण म्हणून मित्रांचं सगळंच बोलणं फेकून द्यावं तर तसंही नाही, मधल्या रकान्यात ईयोब ५:१३ समोर १ करिंथ ३:१९ दिलंय, उघडून बघितलं तर पौल (नव्या करारातली बरीच पत्रं ज्याची आहेत तो प्रेषित) चक्क अलीफजचं वाक्य शास्त्रलेख म्हणून वापरतोय. हे मला कुठल्याही टिपेने शिकवलं नसतं. त्या दिवसापासून मी रकाना वाचायला लागले आणि त्या दिवसापासून हे पुस्तक वसूल व्हायला लागलं.

आता माझी पद्धत अशी झालीय की कोणी एक वचन घेऊन आलं की आधी मागचा-पुढचा भाग, मग रकाना, आणि टीप सगळ्यात शेवटी. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत ते. सगळ्यांच्या भिंतीवर हेच. पण ते बाबेलमध्ये बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या वरच्याच वचनात सत्तर वर्षं सांगितलीयत. आणि एक अध्याय मागे गेलात तर हनन्या नावाचा संदेष्टा सांगतोय की दोनच वर्षांत सगळं परत येईल. म्हणजे लवकरच सुटका होईल असं सांगणारे संदेष्टे असताना यिर्मयाचं पत्र उलट सांगतं, घरं बांधा, मळे लावा, इथेच राहायचंय. मी हे गटात सांगितलं तर एकजण म्हणाला, मग ते भिंतीवरून काढू का? मी म्हटलं काढू नका हो, फक्त दहावं वचन पण लावा शेजारी. हसले सगळे. तसंच फिलिप्पै ४:१३ चं, सर्व काही करायला शक्तिमान आहे, परीक्षेच्या आधी मुलं म्हणतात, पण त्याआधीची दोन वचनं उपाशी राहण्याबद्दल आणि मिळेल त्यात राहायला शिकण्याबद्दल आहेत आणि लिहिणारा तुरुंगात आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका रात्रीच्या मेसेजला. गटातला एक तरुण मुलगा, त्याने विचारलं की ज्या पापाची क्षमा नाही ते माझ्याकडून झालंय असं वाटतं, मनात घाण विचार येतात पवित्र आत्म्याबद्दल, झोप लागत नाही. टीप उघडली तर अर्धं पान भरून मतं, अमुक मत, तमुक मत. मला त्यातलं काय पाठवावं कळेना. मग मार्क ३ वाचला नुसता. २८, २९ मध्ये ते कडक वाक्य आहे आणि लगेच तिसावं वचन कारण सांगतं: कारण ते म्हणत होते की त्याला अशुद्ध आत्मा लागलाय. म्हणजे समोर येशूचं काम दिसत असताना ते सैतानाचं आहे असं ठरवून बोलणारे शास्त्री (यहूदी नियमशास्त्राचे शिक्षक), त्यांना उद्देशून आहे ते. मी त्याला ते एवढं एकच वचन पाठवलं आणि विचारलं, तू असं म्हणतोयस का? त्याचं उत्तर आलं, नाही, मी तर माफी मागतोय रोज. मग म्हटलं झोप. (पुढे तो पाळकांशीही बोलला, तेही आवश्यक होतं, असली भीती परत परत येत असेल तर नुसत्या वचनाने भागत नाही, गरज पडली तर डॉक्टरांनाही दाखवावं असं माझं मत आहे.)

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: टिपा अशा सुरात लिहिल्यात की जणू त्या पण पवित्र शास्त्रच. लहान बाळांचा बाप्तिस्मा करावा की नाही हा प्रश्न मला चार वेळा तरी आलाय, माझ्या प्रतीत खाली ठासून एक बाजू लिहिलीय, आणि मैत्रिणीकडे दुसऱ्या परंपरेची प्रत आहे तिच्यात तितकंच ठासून उलटं. वरचा मजकूर दोन्हीकडे सारखाच की! कृत्ये १६ मध्ये लुदियाचं आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं अख्खं घराणं बाप्तिस्मा घेतं, त्यात लहान मुलं होती का ते लिहिलेलं नाही, एकजण म्हणतो घराणं म्हणजे मुलं आलीच, दुसरा म्हणतो आधी विश्वास मग पाणी. प्रकटीकरण २० मधल्या हजार वर्षांचं तर विचारूच नका. हल्ली मी उत्तर देताना सरळ सांगते की हे वचनात आहे आणि हे रेघेखालचं आहे. एवढं वेगळं करून सांगितलं तरी अर्धे वाद मिटतात, उरलेले मिटायचे नसतातच.

दुसरं म्हणजे एक कॅथलिक मैत्रीण अभ्यासाला यायला लागली आणि तिने तोबित या पुस्तकाबद्दल विचारलं. माझ्या प्रतीत ६६ पुस्तकं, तिच्या बायबलमध्ये ७३, आणि माझ्या एवढ्या जाड ग्रंथात त्या सात पुस्तकांबद्दल एकच परिच्छेद, तोही नाक मुरडून लिहिल्यासारखा. नवा करार दोघींचा सारखाच, २७ पुस्तकं, फरक आहे तो जुन्या करारात. मी तिचंच पुस्तक मागून घेतलं आणि मक्काबी वाचलं, दोन करारांच्या मधल्या काळात यहूदी लोकांवर काय काय गुदरलं ते त्यातून किती कळतं! मानत असा नसा, वाचायला काय हरकत आहे.

"वचनं काढून टाकली" हा मेसेज तुम्हालाही आला असेलच. मत्तय १७:२१ नाही, मार्क ९:४४ आणि ४६ नाही, बायबल बदललं वगैरे. हे काही भाषांतरांत खरंच दिसतं, आकडा उडी मारतो नाहीतर वचन कंसात असतं. इथे मात्र टिपेने वाचवलं मला. नव्या कराराला आता आपण वापरतो ते वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले, तेव्हा हाताशी जी प्रत होती तिच्यावर. नंतर जास्त जुनी हस्तलिखितं अभ्यासात आली, चौथ्या शतकातली सायनाय आणि व्हॅटिकन ही त्यातली मोठी, त्यांच्यात ती वाक्यं नाहीत, मग आकडा तसाच ठेवून वाक्य तळटिपेत गेलं. आणि मार्क ९:४४, ४६ मध्ये जे आहे तेच वाक्य ४८ मध्ये आहेच, म्हणजे लपवायचं असतं तर तिथलं पण उडवलं असतं ना. मार्कच्या शेवटाचं जरा जड जातं लोकांना, त्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत तो १६:८ लाच थांबतो, बायका घाबरून कोणाला काही न सांगता निघून जातात, बस. एक आजी दोन आठवडे नाराज होत्या माझ्यावर, जणू मीच खोडलं.

शब्दसूचीने निराशा केली. तिला त्या भाषांतरातलाच शब्द हवा. आपण "टेन्शन" बोलतो, सूचीत ते कुठून असणार, "काळजी" बघितलं तर दोन-चार, मग कळलं की "चिंता" खाली जायचं, आणि फिलिप्पै ४:६ मध्ये तर "चिंताक्रांत" आहे. शोधायला मोबाईलवरचं ॲप शंभर पटीने बरं, चार भाषांतरं शेजारी शेजारी दिसतात. फक्त ॲपमध्ये शोधलं की ते एकटं वचन उचलून हातात देतं, आणि बिल्ददचा घोळ तसाच तर झाला होता माझा. म्हणून शोधायचं ॲपवर आणि वाचायचं पुस्तकात, असं चालू आहे.

कागद पातळ आहे, पेनाने रेघ मारली की मागे उमटते, पेन्सिलच वापरा. टिपांचा टाइप इतका बारीक की संध्याकाळनंतर मी वाचतच नाही. वजनामुळे खांदा दुखतो. नकाशे शेवटी आहेत ते मी पौलाच्या प्रवासासाठी तीनदा उघडले असतील.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. गटातल्या एका बाईंच्या घरी लागोपाठ दोन मोठी दुःखं झाली. त्यांनी विचारलं, देवाने असं का केलं. मी घाईघाईत १ करिंथ १०:१३ वाचून दाखवलं, देव झेपेल त्यापेक्षा जास्त देत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, मला झेपत नाहीये ग. आणि गप्प झाल्या, पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. नंतर नीट बघितलं तर ते वचन मोहाबद्दल आहे, परीक्षेबद्दल, दुःखाच्या वजनाबद्दल नाही, आणि २ करिंथच्या पहिल्याच अध्यायात आठव्या वचनात तोच पौल स्वतःबद्दल लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याची आशाच सोडली होती. माझ्या रकान्यात या दोन वचनांना जोडणारा धागा नाहीये, मी पेन्सिलने लिहून ठेवलाय. त्यांच्या घरी गेले, चूक झाली म्हटलं, २ करिंथचं तेवढं वाचलं आणि बाकी काही बोलले नाही. ईयोबाचे मित्र पण सुरुवातीला सात दिवस सात रात्री नुसते शेजारी बसले होते, २:१३ मध्ये आहे, घोळ त्यांनी तोंड उघडल्यावर झाला.

घ्यावं का? एकट्याने वाचत असाल तर आधी साधं, फक्त संदर्भ वचनं असलेलं घ्या, स्वस्त आणि हलकं पडतं आणि डोकं आपलं आपण चालवावं लागतं. माझ्यासारखं कोणी प्रश्नांच्या तोंडी दिलं असेल तर अभ्यास बायबल घ्या, पण प्रस्तावनेत टिपा लिहिणारे कुठल्या परंपरेतले आहेत ते आधी वाचा.

माझ्या प्रतीची शिवण उसवायला लागलीय, उत्पत्तीची पानं सुटतायत कारण भाचा तिथेच अडकलाय. अकरा वर्षांचा आहे. काइनची (आदामाचा मुलगा, ज्याने भावाला मारलं) बायको कुठून आली विचारलं, मी ५:४ दाखवलं, आदामाला आणखी मुलगे-मुली झाल्या. म्हणाला म्हणजे बहीण? म्हटलं इथे लिहिलेलं नाही पण बरेच जण तसंच समजतात. तर पठ्ठ्याने रकान्यातून उड्या मारत लेवीय १८:९ काढलं, बहिणीशी संबंध नाही ठेवायचा, आणि मग उत्पत्ती २०:१२ काढलं, सारा अब्राहामाची सावत्र बहीण. नियम मोशेच्या वेळी आला, हे लोक त्याच्या कितीतरी आधीचे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, मग नियम यायच्या आधी काइनला खून करणं चूक आहे हे कसं माहीत होतं? रविवारपर्यंत मुदत मागून घेतलीय.