प्रवासाचा पैसा पेन्शनमधून काढावा की व्याजातून?

निवृत्तीनंतर वर्षाच्या खर्चाचा कितवा हिस्सा प्रवासासाठी ठेवावा, असा विषय निघाला की सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत कोणी दहा टक्के म्हणतो, कोणी वीस. थोरल्यांचे जुने हिशेब मात्र आता लागू पडत नाहीत, कारण मार्च २०२० पासून रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद आहे. मी स्वतः दोन रीतींनी हा हिस्सा काढून पाहिला आणि टक्क्यांपेक्षा पैसा कोठून येतो यानेच माझा हिशेब फिरला, म्हणून त्या दोन रीतींविषयी लिहितो.

२०२३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा पहिली रीत धरली, ती म्हणजे दर महिन्याच्या पेन्शनमधून ठरावीक टक्के प्रवासासाठी राखायचे. पेन्शन पन्नास हजार धरली, तर बारा टक्क्यांनी महिन्याला सहा हजार आणि वर्षाला बहात्तर हजार होतात. दोघांचा दक्षिणेकडचा एक बेताचा दौरा आणि पावसाळ्यातले चिखलदऱ्याचे दोन दिवस त्यात बसावेत. महागाईभत्ता वाढला की हा हिस्साही आपोआप वाढतो, आणि आजारपणाच्या महिन्यात तो थांबवता येतो. कागदावर या रीतीत खोट काढणे कठीण आहे.

अडचण अशी की पेन्शनचे आणि घरखर्चाचे खाते एकच होते. पहिल्या पावसाळ्यात गच्ची गळू लागली आणि हंपीसाठी राखलेली रक्कम गच्चीच्या दुरुस्तीत गेली. पुढच्या वर्षी नात्यातले लग्न निघाले. त्यात कोणाचीच चूक नव्हती, पण गच्ची, लग्न, कूलरचा पंप या साऱ्यांना आपापली तारीख असते आणि प्रवासाला ती नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी माघार त्यानेच घेतली. "राहू द्या, पुढल्या वर्षी जाऊ," असे सौ. म्हणाली आणि मीही मान डोलावली. त्या दोन वर्षांत तिच्या गुडघ्यांनी जिन्यावर कुरकुर सुरू केली. हंपीला अजून जाता येईल, पण मातंग टेकडी चढून सूर्योदय पाहण्याचा बेत आम्ही सोडून दिला आहे. पैसे खर्च झाल्याची मला फारशी खंत नाही. ती टेकडी राहिली याची मात्र आजही आहे.

२०२५ मध्ये साठी पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीची जी मुदत ठेव संपली, त्यातले पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. त्या वेळचा ८.२ टक्के दर पाच वर्षांसाठी कायम राहतो, म्हणजे तिमाहीला ३०,७५० आणि वर्षाला १,२३,००० रुपये. हे व्याज पोस्टातल्या ज्या बचत खात्यात जमा होते, त्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही, एवढाच नियम आम्ही केला. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या आरंभी व्याज येते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी मिळते, त्यामुळे ऑक्टोबरच्या व्याजातून नोव्हेंबरअखेरची तिकिटे निघतात, आणि एप्रिलच्या व्याजातून मे महिन्याची, जेव्हा नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कोणत्याही थंड गावाला जायला घरातले सगळेच तयार असतात. प्रवासाला तारीख मिळाली ती अशी. आता सौ.च विचारते, "व्याज जमा झालं का हो?"

या रीतीतही उणे आहे. व्याज पाच वर्षे तेवढेच राहते, भाडी मात्र वाढतात. शिवाय व्याजावर आयकर आहे. खाते दुसऱ्या वर्षात बंद केल्यास ठेवीतून दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो, म्हणजे पंधरा लाखांवर अनुक्रमे साडेबावीस आणि पंधरा हजार. ज्यांचा आरोग्य विमा अपुरा आहे किंवा ज्यांची मासिक पेन्शनच नाही, त्यांनी एवढी रक्कम प्रवासासाठी बाजूला काढावी असे मी सुचवणार नाही. त्यांना पहिली रीतच अधिक सोयीची ठरेल, फक्त तो हिस्सा पेन्शन जमा होताच वेगळ्या खात्यात वळवावा. परदेशाची सहल एका वर्षाच्या व्याजात बहुधा बसत नाही, आणि त्यातही मुंबईहून निघणाऱ्या सहलीच्या पत्रकात नागपूर ते मुंबई जाणे-येणे आणि तिथला मुक्काम धरलेला नसतो, हे आधी पाहून घ्यावे.

आमच्या एकूण खर्चाच्या सहाव्या हिश्श्याएवढी ही व्याजाची रक्कम होते. सत्तरीपर्यंत ती अशीच ठेवून पुढे निम्मी करावी, असा माझा विचार आहे. पासष्टीनंतर एसटीचे अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास असल्यामुळे रामटेक किंवा शेगावला जाण्यासाठी तेवढे पुरेल. तोवर मात्र ज्या ठिकाणी पायऱ्या जास्त आहेत ती ठिकाणे आम्ही यादीत वर घेतली आहेत.