पाच विधानांची प्रश्नावली: वापरून पाहिल्यानंतरचे मत

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ सालची ‘डब्ल्यूएचओ-५’ ही मनःस्वास्थ्याची प्रश्नावली मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी या हिवाळ्यात दर पंधरवड्याला, अशी चार वेळा भरली. मागील दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि दिवसभरात मन रमले का, एवढेच तीत विचारले आहे. प्रत्येकास ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेला ४ ने गुणायचे.

पहिल्या वेळी माझे ३६ गुण आले. उदासीचे कारण कापसाचा भाव, असे मी धरून चाललो होतो. परंतु झोपेच्या विधानापुढे शून्य लिहिताना पेन थांबला. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्री मिळते, आणि धाकट्या भावाला ‘पाळी वाटून घेऊ’ म्हणायला माझा मोठेपणा आड येत होता, हे मी तेव्हा प्रथमच स्वतःशी कबूल केले. आता तो एकाआड एक रात्र वावरात जातो. परवा ५६ गुण आले.

प्रश्नावली एकट्याने भरावी. चारचौघांत खरे गुण लिहिले जात नाहीत. ती कारण सांगत नाही आणि निदानही करीत नाही, ही तिची मर्यादा आहे. गुण ५० किंवा त्याहून कमी आल्यास डॉक्टरांना भेटावे, अथवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.